गोगलगाय मारली पाहिजे

"नोकरीत तुम्ही नेमकं काय करत होता?" असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, "शेण बघत होते." सहसा पुढचा प्रश्न येत नाही. लग्नाच्या पंगतीत तर शेजारची बाई जरा सरकून बसते. बसेना का! झाशीतल्या एका सरकारी पशुरोग प्रयोगशाळेत मी सगळी नोकरी मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली आणि मला तिची काडीचीही लाज वाटत नाही.

कामाची रीत आधी सांगून टाकते. घाबरू नका, वास यायचा नाही. गुराचं शेण पाण्यात कालवायचं, चहाच्या गाळणीतून गाळायचं आणि निवळू द्यायचं. वरचं पाणी हलकेच ओतून टाकायचं, नवं घालायचं, पुन्हा निवळू द्यायचं. असं करत करत तळाशी चिमूटभर गाळ उरतो. काही जंतांची अंडी जड असतात, ती त्या गाळात येऊन बसतात. त्यातला थेंब काचेवर घ्यायचा, निळ्या रंगाचा टिपूस सोडायचा आणि बघत बसायचं. सदर बाज़ारातल्या भांडीवाल्याकडून मी इतक्या गाळण्या नेत असे की त्याला वाटायचं, बाईंचं चहाचं हॉटेल आहे. एकदा त्यानं विचारलंसुद्धा, "मैडम जी, दुकान किधर है आपकी? कभी चाय पीने आएँगे." मी म्हटलं, "नका येऊ."

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. गुरांचेच रोग बघायचे असा नियम, पण पाण्यात काही वळवळलं की माणसं आमच्याकडेच धाव घ्यायची. सिविल लाइंसमधले एक निवृत्त साहेब मुरंब्याची बरणी घेऊन आले. आत टाकीतलं पाणी आणि लालभडक किडे. "ये ख़ून पीते हैं, तभी लाल हैं!" साहेब बरणी हातभर लांब धरून बोलत होते. घरादाराला त्यांनी चार दिवस विकतचं पाणी पाजलं होतं. मी म्हटलं, साहेब, ही डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीची पिल्लं. लाल रंग त्यांच्या स्वतःच्या रक्ताचा, तुमच्या नव्हे. टाकी घासा आणि झाकण लावा. साहेबांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले. माझ्या नोकरीतलं खरं सुख ते हेच. माणूस भीतीनं अर्धा होऊन यायचा आणि पुरा होऊन परत जायचा.

पण एकदा भीती मीच पेरली. मी म्हणजे माझ्या मराठीनं. तेच आज सांगणार आहे.

माझं सासरचं घराणं कितीतरी पिढ्यांमागे महाराष्ट्रातून इथं आलं. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि दाराशी दूधवाल्याबरोबर जी बोलली जाते ती भाषा कुठली, ते देवच जाणे. आमचा दूधवाला हरप्रसाद. नगरा नावाच्या वस्तीपलीकडे, तळ्याकाठी त्याचा गोठा. आडमाप देह, मिशा वळवलेल्या आणि बोलणं गोड. वर्षानुवर्षं आमच्या दाराशी उभं राहून त्याचा पक्का समज झाला होता की आपल्याला मराठी येतं. "हमें सब समझ में आती है भाभीजी, आप बोलो तो!" असं छाती काढून सांगायचा. 'थांबा', 'उद्या', 'नको' एवढं खरंच कळायचंही. 'पाणी घालू नका' हे एक वाक्य मात्र त्याला कधी समजलं नाही.

उन्हाळा तापायला लागला होता. एका सकाळी हरप्रसादनं मिठाईचा खोका माझ्या सासूबाईंच्या हातात ठेवला. आईंचं वय ऐंशीच्या पुढे, कान गेलेले, जीभ मात्र शाबूत. पेढे असतील म्हणून त्यांनी कौतुकानं खोका उघडला. आत पळसाच्या पानावर नीट मांडलेलं शेण.

"अगो बाई! वासंती, धाव! मेल्यानं शेण दिलंन् आम्हाला!"

हरप्रसादचा चेहरा रडवेला. "अम्माजी, जाँच के लाने है. साफ़ डिब्बा यही था." तपासणीसाठी आणलेला नमुना होता तो!

त्याच्या म्हशी खंगत चालल्या होत्या. दूध आटलं होतं, पाठीची हाडं मोजून घ्यावीत अशी वर आली होती आणि दोघींच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली होती. एक तर उठेचना. त्यानं ऐपतीबाहेर खर्च केला, नजर उतरवली, दोरे बांधले. "हरा चारा खिलाते हैं भाभीजी, तालाब किनारे का, ताज़ा-ताज़ा. फिर भी सूखी जा रही हैं. और उधर गोकुल की गाय देख लो! सूखा भूसा खाती है और चिकनी हो रही है."

हा गोकुल म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. लग्नानंतर चूल वेगळी केलेली, त्यावरून घरात धुसफूस. गोठा मात्र एकच. एका टोकाला हरप्रसादच्या म्हशी, दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला, गोकुलची एकुलती एक गाय, भूरी. गाभण होती, दिवस भरत आले होते. गोकुलचा सगळा संसार त्या येणाऱ्या वासरावर आणि दुधावर टेकलेला. हरप्रसादनं 'गोकुल की गाय' म्हटलं त्यात कडवटपणा होता, तो मला तेव्हाच ऐकू आला. पण मी पडले शेणवाली. मी म्हटलं, "सगळ्या म्हशींचं वेगवेगळं आणा. भूरीचंही आणा. आणि मिठाईच्या खोक्यात नको."

काचेवर पहिलाच थेंब घेतला आणि माझ्या तोंडून "आलात का!" असं निघून गेलं. निळ्या पाण्यात सोनेरी अंडी. लांबट, मोठी, आणि एका टोकाला चक्क झाकण. लिव्हर फ्लूक म्हणतात त्या जंताची ती अंडी. हा जंत पिंपळाच्या कोवळ्या पानासारखा चपटा, म्हशीच्या काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, पित्ताच्या नळ्यांतून ठाण मांडून बसतो. प्रत्येक म्हशीच्या नमुन्यात अंडी. भूरीचा नमुना मी पुन्हा पुन्हा गाळला. स्वच्छ. एक अंडं नाही.

आता या जंताचा प्रवास ऐका, कारण सगळी गंमत तिथंच आहे. म्हशीच्या शेणातून अंडं पाण्यात पडतं. झाकण उघडून आतून एक केसाळ, डोळ्यांना न दिसणारं पिल्लू बाहेर येतं आणि जीव खाऊन पोहायला लागतं. त्याला खायला तोंडच नाही, अंगातल्या शिदोरीवर जगायचं. दिवसभरात त्याला पाण्यातली एक विशिष्ट गोगलगाय सापडली पाहिजे, नाहीतर खेळ खलास. सापडली, की तिच्या मऊ अंगात घुसायचं. तिथं मात्र चैन! एकाची कितीतरी होतात, त्यांची आणखी होतात आणि मग शेपट्या फुटलेली पिल्लं गोगलगायीतून बाहेर पडून काठच्या गवतावर येऊन चिकटतात. शेपटी टाकतात, अंगाभोवती टणक कवच करतात आणि वाट बघतात. कुणाची? तर हरप्रसादच्या विळ्याची. तो बापडा प्रेमानं ते हिरवंगार गवत कापून म्हशींपुढे टाकायचा. पोटात कवच विरघळतं, पिल्लू आतडं भोसकून लिव्हरकडे निघतं आणि सगळं चक्र पुन्हा सुरू. भूरी वाचली कारण गोकुलला तळ्याकाठी त्याचा भाऊ विळा लावू देत नव्हता. बिचारी कोरडा भुसा खायची आणि हँडपंपाचं पाणी प्यायची, म्हणून धडधाकट.

या सगळ्यात एकच जागा अशी आहे जिथं हे चक्र आपल्याला तोडता येतं. ती गोगलगाय. मी नमुने बघून घरी आले ते ही गोष्ट डोक्यात घेऊनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. "काय गं, त्या शेणवाल्याच्या म्हशींचं कळलं का काही?"

आईंशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. मी पोळ्या लाटता लाटता ओरडले, "कळलं! सगळा त्या गोगलगायीचा प्रताप!"

"कुणाचा?"

"गोगलगाय, गोगलगाय! गो-गल-गाय!"

"मग आता गं?"

"आता काय! मारली पाहिजे, नाहीतर तिथून हलवली पाहिजे! ती आहे तोवर म्हशी काही सुधारायच्या नाहीत!"

बाहेर दाराशी काहीतरी आपटलं. जाऊन बघते तर दुधाचा कॅन पायरीवर आणि हरप्रसादची मोटारसायकल कोपऱ्यावरून वळत होती. घाईत असेल, असं मला वाटलं. मी निवांतपणे पोळ्या पुऱ्या केल्या.

दोन-तीन दिवस तो दूध देऊन पळत होता, नजर देत नव्हता. सुट्टीच्या दिवशी मी औषध घेतलं, स्कूटर काढली आणि गोठ्यावर गेले. म्हशी तिथंच. रस्त्याकडचा खुंटा मात्र रिकामा. खुंट्याशेजारी गोकुल भुसा घालायचं लोखंडी घमेलं, इकडे त्याला तसला म्हणतात, ते मांडीवर घेऊन बसलेला. आत त्याची बायको हुंदके देत होती. भावांची म्हातारी आई मला बघून तोंड फिरवून बसली.

"भूरी कुठाय?" मी विचारलं.

गोकुल मान वर न करता म्हणाला, "आप ही ने तो कहा था."

"मी? मी काय म्हटलं?"

हरप्रसाद पुढे झाला, हात जोडून. "भाभीजी, आप चिल्ला-चिल्ला के कह रही थीं. गोकुल गाय, गोकुल गाय. उसी का प्रताप है. मारली पाहिजे, तब भैंसें सुधरेंगी. हमें मराठी आती है, हमने सब सुना. अब गऊ को मारें तो पाप लगे. सो हमने हटा दी."

गोगलगाय. गोकुल गाय. देवा रे! मला हसू येत होतं आणि त्याच वेळी रडूही. मी तशीच तळ्याकडे गेले, ओल्या गवतातून एक गोगलगाय उचलली आणि हरप्रसादच्या तळहातावर ठेवली.

"ही! ही गोगलगाय!"

तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं डोकं बाहेर काढलं, शिंगं हलवली. "भाभीजी... ये तो घोंघा है."

"हो, घोंघाच! याला मराठीत गोगलगाय म्हणतात! याच्या पोटात तुझ्या म्हशींचा रोग वाढतो आणि तू कापून आणतोस त्या गवतावर चिकटून बसतो. भूरीला काहीसुद्धा झालेलं नाही. या अख्ख्या गोठ्यात तीच एक निरोगी आहे!"

हरप्रसादनं आधी घोंघ्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. त्याच्या वळवलेल्या मिशा खाली आल्या होत्या. "पर घोंघे को गाय काए कहते हो आप लोग?"

खरं सांगू, मला आजही माहीत नाही. शिंगं आहेत म्हणून, का गरीब आहे म्हणून? आमच्या पूर्वजांनी ठेवलं नाव, आणि त्याची किंमत मोजायची वेळ आली गोकुलवर.

"कुठं सोडलीस तिला?" मी विचारलं.

त्यानं तिला लोडरमध्ये, म्हणजे मालवाहू टेम्पोत, घालून बबीन्याच्या बाजूला हायवेकाठी सोडलं होतं. अन्ना करून. बुंदेलखंडाबाहेरच्या लोकांसाठी सांगते, आटलेली, म्हातारी गुरं मालक मोकळी सोडून देतात, त्यांना इथं अन्ना म्हणतात. शेकड्यांनी हिंडतात ती. शेतकरी शेतातून हाकलतात म्हणून हायवेवर येऊन बसतात आणि ट्रकखाली जातात. त्या कळपात दिवस भरलेली भूरी! म्हशी औषधानं बऱ्या झाल्या असत्या, तळ्याचं काहीतरी करता आलं असतं. पण ही गाय गेली असती तर ती माझ्या शब्दानं गेली असती आणि गोकुलच्या बायकोपुढे मी पुन्हा कधी उभी राहू शकले नसते.

"लोडर काढ," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

लोडरमध्ये दोघे भाऊ दोन टोकांना. मी मधे बसलेले. ऊन असं की डोळे उघडवेनात. हायवेवर जागोजागी गाईंचे घोळके, आणि त्यांतल्या निम्म्या भुऱ्याच. हरप्रसादला सोडली ती जागाही धड आठवेना. "यहीं थी... नहीं, आगे..." असं चाललेलं. एका वळणावर रस्त्याकडेला गाय मरून पडली होती. गोकुल लोडर थांबायच्या आधीच उडी मारून धावला. आम्ही दोघं बघत राहिलो. त्यानं वाकून पाहिलं आणि लांबूनच मान हलवली. नाही. ही नव्हे. हरप्रसाद स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडला. एवढा आडदांड माणूस! मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

मग गोकुलनं मागून तसला काढला आणि काठीनं वाजवायला सुरुवात केली. ठण ठण ठण. भूरीला रोज भुसा त्या तसल्यातून मिळायचा आणि तो घालताना गोकुल असाच वाजवायचा. तो वाजवत पुढे चालला, आम्ही मागून हळूहळू. गाई माना वर करायच्या आणि पुन्हा खाली घालायच्या. ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या देऊन जायचे. माझी आशा सुटत चालली होती, खोटं कशाला बोलू?

एका कोरड्या नाल्याच्या पुलाशी खालून हंबरण्याचा आवाज आला. गोकुल जागीच थांबला. पुन्हा वाजवलं. पुन्हा हंबरणं, या वेळी लांबलचक, रागावल्यासारखं. पुलाखालच्या सावलीतून भूरी बाहेर आली. पोट लोंबलेलं, अंगावर काठीचे वळ, एक कान फाटलेला. ती चढ चढून सरळ आली आणि तिनं तोंड घातलं ते तसल्यात. तसला रिकामा होता. तिनं गोकुलला डोक्यानं अशी ढुशी दिली की तो खालीच बसला आणि तिथंच तिच्या गळ्यात पडून हसायला लागला. मी तर भर हायवेवर देवाला हात जोडले. इतकं हलकं मला पोरगी पास झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

परत येताना लोडर मी सांगितलं म्हणून हळू चालला. गोकुल चालवत होता. मागे भूरीजवळ हरप्रसाद उभा, आपला गमछा दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर धरून, घर येईपर्यंत. गोठ्यात शिरताना म्हातारीनं आधी गाईला ओवाळलं आणि मग हरप्रसादच्या पाठीत एक धपाटा घातला. मला चहा मिळाला. गाळणीकडे मी बघितलं नाही.

म्हशी औषधानं सुधारल्या. जी उठत नव्हती ती उशिरा उठली, पण उठली. तळ्याकाठचं गवत कापायचं बंद झालं, हँडपंपाचं पाणी सुरू झालं. घोंघे खातात म्हणून गोकुलनं बदकं आणून सोडली आणि ती हरप्रसादला चावतात म्हणून त्यावरून वेगळी भांडणं झाली. भूरीनं त्या भटकंतीत कुठलं नाल्यातलं गवत खाल्लं असेल, याची धास्ती मला होतीच. पोटात गेलेल्या पिल्लांना मोठं होऊन अंडी घालायला तीन महिने तरी लागतात, म्हणून त्यानंतर मी तिचा नमुना मुद्दाम मागवला. स्वच्छ! तेव्हा कुठं मी त्या प्रकरणावर पडदा टाकला. आता म्हणे फारसं कुणी शेण तपासायला आणत नाही, दुकानातून बाटली आणून सरळ पाजतात. वाईट वाटतं. बाटलीला कुणाची गाय निर्दोष आहे हे कुठं कळतं?

पण हे पुढचं झालं. भूरी घरी आल्यावर आठवडाभरातच व्याली. कालवड झाली. त्या काळात सगळ्या वस्तीनं हरप्रसादला भंडावून सोडलं होतं. पोरं त्याला बघून "मराठी आती है!" असं ओरडायची. त्याची छाती आत गेली होती आणि आमच्या दाराशी तो अगदी शुद्ध हिंदीत मोजकं बोलायचा.

एका सकाळी तो झाकलेली चरवी घेऊन उभा राहिला. "भाभीजी, गोकुल ने भेजा है. पहला आप को." झाकण काढलं तर घट्ट, पिवळसर चीक. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे खरवस म्हणजे सगळ्यांचा जीव की प्राण, आणि इथं चीक मिळतो कुठं?

आतून आई ओरडल्या, "काय आणलंन् गं?"

"चीक!" मी ओरडले. "खरवस करू!"

"कुणाचा?"

हरप्रसाद स्वतःच पुढे झाला. चुकायला नको म्हणून एकेक शब्द सुटा करून, घसा ताणून म्हणाला, "गोकुल की गाय का, अम्माजी! गो-कुल-की गाय!"

आई भिंतीला धरत धरत बाहेर आल्या, चेहरा कडू औषध घेतल्यासारखा.

"गोगलगायीचा चीक? शी! मेल्यांनो, तिला कुठला आलाय चीक? आणि त्याचा खरवस घालणार मला?"

मी चरवी खाली ठेवली आणि दाराशीच फतकल मारून हसत सुटले. हरप्रसाद आधी गोंधळला. मग त्याच्या मिशा हळूहळू वर जायला लागल्या, छाती पुन्हा होती तेवढी झाली आणि तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "देखा भाभीजी? देखा? अम्माजी को भी वही सुनाई दिया!"